हळदीच्या कुकरसाठी एक ट्रॉली

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणारे सोडले, तर आमच्या मिरजेकडून हिंगोली जिल्ह्यात सहसा कुणी फिरकत नाही. मी गेले ती एक ट्रॉली बघायला. ट्रॅक्टरच्या मागे जोडतात ती, दोन चाकांची, लोखंडी. गाडीत शेजारच्या बाईंनी "देवाला का?" असं विचारलं, तेव्हा मी "हो" म्हणून मोकळी झाले. ट्रॉली बघायला एवढ्या लांब चाललेय असं सांगितलं असतं, तर त्यांनी आपली पिशवी जवळ ओढून घेतली असती.

माझी ट्रॉल्या बनवायची शेड आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. मला वेल्डिंग येत नाही, पण चुकलेलं माप लांबून दिसतं, आणि दिसलं की तोंड गप्प राहत नाही. त्यामुळे माणसं माझ्याकडे फार टिकत नाहीत. गौतम मात्र बारा वर्षं टिकला. माझ्या नवऱ्याच्या हाताखाली तो शिकला, नंतर माझी बोलणी खाल्ली, आणि तीन वर्षांपूर्वी आपल्या मुलखात जाऊन वारंगा फाट्यावर त्यानं स्वतःची शेड टाकली. फाल्गुनात त्याचा फोन आला. "वहिनी, एकडाव येऊन जा. मी बनवून राहिलो ते बराबर हाय का चूक, तेवढं सांगा. चूक असलं तर शेड बंद करतो अन् तुमच्याकडं येतो."

खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, येऊ दे की परत. माझ्याकडे चांगला वेल्डर नव्हता. हा स्वार्थ बरोबर घेऊनच मी निघाले, तो आधीच सांगून टाकलेला बरा.

वारंगा फाटा

फाटा म्हणजे टायरवाले, चहाची हॉटेलं, उभे ट्रक आणि सगळ्यांवर सारखी बसलेली धूळ. गौतम मोटारसायकल घेऊन उभा होता. "जयभीम वहिनी," म्हणत त्यानं बॅग घेतली. केस पिकायला लागले होते, हातावर ठिणग्यांचे डाग वाढले होते. हॉटेलात त्यानं मला सुशीला खायला घातली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी असते ती. आम्ही भडंग खाणारी माणसं. मुरमुरा कुरकुरला नाही की आम्हाला तो वाया गेल्यासारखा वाटतो. पण दोन घासांत मला ती आवडली.

शेडसमोर ती ट्रॉली उभी होती. तिच्याभोवती मी दोन फेऱ्या मारल्या. मग खाली वाकून बघितलं. मला काही बोलताच येईना, कारण बोलायला जागाच नव्हती. ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीला दुहेरी पट्टी. हुकातली पिन साखळीला बांधलेली, वर क्लिप. दोन्ही चाकांना ब्रेक. ग्रीस भरायला हात सहज पोचेल अशी जागा. आणि चाकांचा आस नेहमीपेक्षा बरोबर एक फूट मागे.

आस मागे का, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. या भागात हळद उदंड. काढलेली हळद वाफेवर शिजवायचा कुकर ट्रॉलीवर चढवून शेतोशेत फिरवतात. पुढे हळदीची पिंपं, मागे पाण्याचा बॉयलर. जाळ ट्रॅक्टरच्या डिझेलपासून लांब असावा म्हणून बॉयलर अगदी शेवटी, आणि ते योग्यच आहे. पण वाटेत पिंपं रिकामी असल्यानं सगळं ओझं चाकांच्या मागे जातं आणि पुढची दांडी वर उठायला बघते. पिन ढिली असेल तर दांडी हुकातून सुटते. घट्ट असेल तर ट्रॅक्टरचं बूडच उचलते, आणि मागची चाकं उचललेल्या ट्रॅक्टरला ना ओढ उरते ना ब्रेक. आस मागे घेतला की हे सगळं मिटतं. गौतमनं तो घेतला होता.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"बसा. दिसंल तुमाला."

तासाभरात दिसलं. एक गृहस्थ चार भावांना घेऊन आले. आधी टायरवर लाथ मारून बघितली, मग पाचही जण वर चढून उड्या मारून आले. मग लांब उभं राहून तिच्याकडे नवरी बघावी तसं बघत राहिले. "चाक एवढं मागं काहून हाय? ट्रॉली बुडावर बसल्यावानी दिसून राहिली."

गौतमनं समजावलं. ब्रेकही दाखवला.

"ब्रेक ट्रॅक्टरला हाय की," ते म्हणाले, आणि समोरच्या शेडकडे निघून गेले. तिथे निळ्याभोर रंगाच्या उंच बाजूंच्या ट्रॉल्या ओळीनं उभ्या होत्या, मागच्या फाळक्यावर मोर काढलेले. दुपारपर्यंत त्यातल्या दोन गेल्या. एकीच्या हुकात पिन म्हणून पहारीचा तुकडा घातलेला मी डोळ्यांनी बघितला. नव्या कोऱ्या ट्रॉलीला! माझ्या शेडमध्ये कुणी असं केलं असतं, तर मी ती पहार त्याच्या... जाऊ दे. इथे मी पाहुणी होते.

आखाडा बाळापूर

गौतमचं घर बाळापुरात. दोन खोल्या, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, अंगणात बाज, बाजेवर त्याची आई. दोन वर्षांपूर्वी हळदीच्या मजुरीवरून परतताना चढावर ट्रॉलीची दांडी उठली, मागे बसलेल्या बाया खाली पडल्या, आणि हिचा खुबा मोडला. फोनवर गौतमनं मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

"आमी समद्या मागंच बसलो होतो," आजी म्हणाल्या, भाजी निवडावी इतक्या सहज. "पुढं लई धूळ येते. मागं बरं वाटते, गार लागते. कुणाला काय म्हाईत, दांडीला आमचं वजन कळून राहिलंय ते?"

त्याची बायको संगीता भाकरी थापत होती. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर आमटी. आमच्या रश्शाला तिखटाचा रंग आधी येतो; या आमटीला आधी वास येतो, भाजलेल्या डाळी-धान्याचा, आणि तो दुसऱ्या दिवशीपर्यंत हाताला राहतो. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. संगीता हसून म्हणाली, "वहिनी, तुमी तर मह्या भाकरीची लाज राखली."

जेवणं होत असतानाच कमलबाई आल्या. संगीताच्या माहेरच्या, औंढ्याच्या वाटेवरच्या गावातल्या. पन्नाशीच्या, सावळ्या, आवाज ट्रॅक्टरवरून ऐकू जाईल असा. त्यांच्या बचत गटानं हळदीचा कुकर घेतला होता. दहा बाया. आजवर दुसऱ्याच्या कुकरवर मजुरी केली, आता स्वतःचा. कुकर फाट्यावर येऊन पडला होता, हंगाम सुरू झाला होता, ट्रॉली तेवढी राहिली होती.

"मला रंगबिंग नको," त्या म्हणाल्या. "तुह्या मायचं झालं तसं मह्या बायांचं व्हायला नको, एवढंच बघ."

गौतमनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. ही ट्रॉली कमलबाईंनी नेली, गावोगाव शेतात फिरली, तर लोकांना कळेल आणि त्याचं काम टिकेल. नाही नेली, तर तो शेड बंद करणार. आणि त्या दहा बाया समोरच्या मोरवाल्या ट्रॉलीवर बसून जाणार. जेवता जेवता माझा मिरजेचा स्वार्थ गळून पडला. ही ट्रॉली गेलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटलं. इतकं मनापासून काही वाटू देऊ नये, हे माझ्या वयाला कळायला हवं होतं.

औंढ्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी ट्रॉली गावापर्यंत ओढून बघायला कमलबाईंचा पुतण्या मारोती ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉली जोडली, आणि आम्ही मोटारसायकलवरून मागे. वाटेत पळस पेटलेला, शेतात काढलेल्या हळदीचे ढीग, आणि जिथे कुकर लागलेत तिथून येणारा तो वास. ओल्या मातीचा आणि औषधाचा एकत्र वास. आमच्याकडे सांगलीला हळद पोत्यात बांधलेली बघायची सवय. ती रडत-वाफाळत शिजताना मी पहिल्यांदाच बघत होते. एका बांधावर थांबून आम्ही उकडलेली ओली हळद हातात घेतली. माझी बोटं चार दिवस पिवळी राहिली.

मोठ्या रस्त्यावर ट्रॉली अशी चालली, की मी गौतमच्या पाठीवर थाप मारली. ना हिसका, ना डोलणं. मग कमलबाईंच्या गावाची पाणंद आली. अरुंद वाट, ओढ्यावर सिमेंटच्या नळ्यांची मोरी, आणि मोरीवरच काटकोनात वळण. मारोतीनं ट्रॅक्टर वळवला. ट्रॅक्टर गेला. पण आस मागे असलेली ट्रॉली वळताना आतून कापून गेली, आणि तिचं डावं चाक मोरीवरून खाली ओढ्यात उतरलं.

कुणाला लागलं नाही. ट्रॉली रिकामीच होती. दहा-बारा माणसं जमली, दोर लावला, दीड तासानं ती वर आली. पण मारोती बाजूला बसून होता तो काही उठेना.

"काकू, मही काही दुश्मनी न्हाई हिच्याशी," तो कमलबाईंना म्हणाला. "पर शेतात जायच्या समद्या वाटा अशाच हायेत. कुकर चढवल्यावर चाक खाली गेलं तर? जाळासकट गेलं तर? अन् हा ब्रेकचा पाइप. मह्या ट्रॅक्टरला जोडायची सोयच न्हाई. मी न्हाई वढणार हिला."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो खरं बोलत होता. रुंद रस्त्यासाठी गौतमची ट्रॉली बरोबर होती, आणि या मोरीसाठी चूक होती. आमच्याकडे ऊस भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याच्या डांबरी रस्त्याला लागतात. मी आणि माझ्या नवऱ्यानं त्याला त्या रस्त्याची मापं शिकवली होती. या पाणंदीची आम्ही कधी बघितलीच नव्हती.

"दुसरा ट्रॅक्टर बघा," मी म्हणाले.

कमलबाई कोरडं हसल्या. "हंगामात? अन् बायांच्या कुकरला? घरचा पोरगा हाय म्हून हा तरी येऊन राहिला."

तिथून जवळ आलोच आहोत म्हणून गौतम मला औंढ्याला घेऊन गेला. दगडी भिंतींवर कोरलेल्या मूर्तींच्या ओळी, सावलीत बसलेले यात्रेकरू, बाहेर बेल-फुलांची दुकानं. एका भक्तासाठी हे अख्खं देऊळ फिरलं अशी गोष्ट इथे सांगतात. मी गाभाऱ्यात उतरले, हात जोडले, आणि मला काही मागताच आलं नाही. देऊळ फिरवणाऱ्याला एक वळण सरळ करायला सांगावं, तर ते मोरीचं काम कुठल्या खात्याकडे येतं हेही मला माहीत नव्हतं. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि रडले. गौतम दर्शनाला येत नाही; तो समोर झाडाखाली बसला होता. त्यानं बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली. परतताना तो एवढंच म्हणाला, "वहिनी, चाक पुढं घ्यावं लागंल."

पुन्हा फाट्यावर

मारोतीनं रिकामी ट्रॉली तेवढी फाट्यावर परत आणून दिली. आस पुढे घ्यायला एक अख्खा दिवस गेला. वेल्ड तोडणं हे वेल्ड करण्याहून अवघड असतं, आणि गौतमचा वेल्ड तर तुटायलाच तयार नव्हता. मी टेप धरला. ब्रेकचे ड्रम काढले, पाइप काढला, ते सगळं शेडच्या कोपऱ्यात ठेवलं. मग काम बघायला आलेल्या कमलबाईंना मी म्हटलं, "निदान बॉयलरमधलं पाणी तरी गावं बदलताना सोडून द्या. मागचं अर्धं वजन तेच आहे."

"पाणी तापायला किती लाकूड जाते, म्हाईत हाय का तुमाला?" कमलबाई म्हणाल्या. "एका शेतावरून दुसऱ्या शेतावर आमी गरम पाणी घेऊनच जातो. न्हाई तर शेतवाला दुसऱ्याचा कुकर बोलवते."

"मग पुढे दगड भरा. वाळूची पोती ठेवा. दांडी खाली राहायला हवी."

यावर त्यांच्यासोबत आलेला मारोती बोलला, आणि ते तो सगळ्या जगाला माहीत असल्यासारखं बोलला. "दगड काहून? बाया तर न्यायच्याच हायेत ना? त्या पुढं बसतील. समदे तसंच करून राहिलेत."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी गौतमकडे बघितलं. त्याला माहीत होतं. माझ्यापासून लपवलं नव्हतं, फक्त सांगायला जीभ धजली नव्हती. कुकरची दांडी उठू नये म्हणून बायांना दांडीच्या बाजूला, ट्रॉलीच्या तोंडाशी बसवायचं. बाया म्हणजे वजन. शेत आलं की आधी ट्रॉलीच्या मागच्या टोकाखाली टेकू म्हणून ओंडका लावायचा, मग त्यांनी उतरायचं. परत निघताना त्या आधी चढणार, मग ओंडका काढायचा. ट्रॅक्टरनं हिसका दिला, तर पुढून पडणारी बाई ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे पडते. हे मी मोठ्यानं बोलून दाखवलं.

"व्हय," कमलबाई म्हणाल्या. "म्हून घट्ट धरून बसायचं."

संध्याकाळी कुकर चढवायचा ठरला. क्रेनवाल्यानं चढवला, बॉयलर भरला. गटातल्या सात जणी सोबत आल्या होत्या, नव्या साड्यांत. त्यांचा स्वतःचा कुकर होता तो. एकीनं बॉयलरला हळद-कुंकू लावलं, एकीनं पेढे वाटले. मी खडू घेतला आणि ट्रॉलीच्या बाजूलाच आकडे मांडायला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. पाण्याचं वजन, बॉयलरचं वजन, चाकापासून अंतर, पुढचं अंतर. दोनदा मांडलं.

"तिघी बसल्या की झालं," मारोती म्हणाला.

"तिघी कमी पडतील," मी म्हणाले. "चढाला दांडी उठेल. चौघी हव्यात."

एक बारीक अंगाची पोरगी लगेच चढायला लागली. "ही नको," मी म्हटलं. "जरा अंगानं भरलेली हवी." तेव्हा मागून एक ठसठशीत बाई पुढे आली, पदर खोचत. "घ्या, पयल्यांदाच मह्या वजनाचं कुणाला काम पडलं!" सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले. ते हसणं मला अजून माफ करता आलेलं नाही.

चौघी पुढे बसल्या. मारोतीनं ओंडका काढला. दांडी हलली नाही. हुकात ती अशी सरळ बसली होती, की पिनेवर कुठलाच ताण दिसत नव्हता. ट्रॅक्टर औंढ्याच्या रस्त्याला लागला, तशा चौघींनी हात हलवले. मोकळा एकच हात हलवला त्यांनी; दुसऱ्या हातानं ट्रॉलीचा काठ धरला होता.

मिरज

येऊन तीन आठवडे झाले. गौतम आला नाही, आता येणारही नाही. काल त्याचा फोन होता. आवाज पूर्वीसारखा मोकळा होता, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. कमलबाईंचा कुकर चांगला चालला आहे. त्यांची ट्रॉली बघून तीन गावांहून माणसं त्याच्याकडे आली, तशीच करून द्या म्हणाली. समोरच्या शेडकडे कुणी गेलं नाही.

मग त्यानं विचारलं, "वहिनी, लोक पुढं बसायला फळी मागून राहिले. काठावर बसून बायांना तकलीफ होते म्हणतेत. केवढी ठेवू?"

मी म्हणू शकले असते, ठेवू नकोस. त्यानं ऐकलंही असतं. मग गिऱ्हाईक समोरच्या शेडकडे वळून त्याला शेड बंद करावी लागली असती, आणि त्या बाया काठावरच बसून गेल्या असत्या. मी कागद ओढला.

"चौघी बसतील एवढी," मी म्हणाले, आणि त्याला माप सांगितलं.